शिळी कढी आणि मैफलीची टेप

मैफलीचे ध्वनिमुद्रण ही हिंदुस्थानी संगीताच्या रसिकांनी जपलेली ठेव आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाणे पुढच्या पिढ्यांना मुख्यतः तेवढ्याच जागेत ऐकायला मिळाले. लाँग प्ले आली आणि वीस-बावीस मिनिटे मिळाली. विलंबित ख्यालाला मात्र पाऊण तासही पुरत नाही. तो सबंध सापडतो मैफलीच्या टेपवर. आधी मोठ्या स्पूलवर, आणि फिलिप्सने १९६३ साली आणलेली कॅसेट घरोघर पोचल्यावर, सोलापूरच्या नवी पेठेसारख्या कुठल्याही बाजारात तेव्हा मिळणाऱ्या कोऱ्या कॅसेटवर.

अशा टेपवर गाण्याआधी तंबोरे जुळताना ऐकू येतात. कोणीतरी खोकतो, पुढच्या रांगेतून दाद येते, तबलजीची हातोडी वाजते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांनी संपते आणि तान अर्ध्यावर तुटते. दुसरी बाजू सुरू होईपर्यंत काय गायले गेले, ते कायमचे गेले. तरीही या टेपांसारखा शिक्षक नाही. मल्लिकार्जुन मन्सूर राग हळूहळू उलगडत बसत नाहीत, पहिल्या आवर्तनातच त्याच्या गाभ्यात शिरतात; हे मैफलीत जसे कळते तसे छोट्या तबकडीत कळत नाही. भीमसेन जोशी गदगचे, आणि सोलापूरहून विजापूर, बागलकोटमार्गे गदगला रेल्वेचा रस्ता जातो. या पट्ट्यात त्यांचे गाणे घरचे वाटते. त्यांचा एकच राग वेगवेगळ्या वर्षांच्या मैफलींत ऐकावा. बंदिश तीच, पण एकदा निषादावर रेंगाळणे आहे, एकदा अंतरा लवकर येतो. उपज म्हणजे काय, ते या दोन टेपांच्या मधल्या फरकात समजते.

अमेरिकेतील ग्रेटफुल डेड या बँडच्या चाहत्यांचे वेड याच जातीचे. गाणे तेच, पण रोज नव्या वाटेने जाणारे. म्हणून प्रत्येक कार्यक्रमाची टेप हवी. १९८४ साली बँडने टेप करणाऱ्यांसाठी सभागृहात वेगळी जागाच राखून ठेवली. विकायचे नाही, आपसांत वाटायचे. आपल्याकडे अशी मोकळीक सरसकट नव्हती. केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाला सहसा राजी नसत. त्यांचीच साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ पासून व्हॉयेजर यानांवर अंतराळात आहे.

या आवडीला एक म्हण आडवी येते: शिळ्या कढीला ऊत. मैफल त्या रात्री, त्या माणसांसाठी झाली आणि संपली. मग ती पुन्हा पुन्हा तापवायची कशाला? म्हणीकडे नीट पाहिले तर ती फार कडक आहे. ऊत ताज्या कढीलाही चालत नाही. ढवळत राहावे लागते, नाहीतर ती फुटते. म्हणजे दोष शिळेपणाचा की आचेचा? मंद आचेवर गरम केलेली कालची कढी पुष्कळ घरांत आवडीने खाल्ली जाते, कारण फोडणी रात्रभर मुरलेली असते. सोलापुरात तर टिकवणे हीच स्वयंपाकाची एक कला आहे. ज्वारी-बाजरीची कडक भाकरी पातळ थापून खडखडीत होईपर्यंत भाजतात, ती पुष्कळ दिवस राहते. सोबत शेंगाची चटणी. या भाकरीला कोणी शिळी म्हणत नाही, कारण ती टिकण्यासाठीच केलेली असते. गावाला निघालेल्या माणसाच्या पिशवीत ती हमखास असते आणि परगावी पोचल्यावरही कुरकुरीत लागते.

मग टेप ही कडक भाकरी मानावी काय? इथे विचार अडतो. भाकरी करणारीला ती टिकवायची असते. गवई समोरच्या माणसांसाठी गातो. समोर यंत्र दिसले की काही गवई जपून गातात, धोका पत्करत नाहीत; त्या हिशेबाने स्टुडिओतली तबकडी हीच भाकरी, आणि मैफलीची टेप अखेर कढीच ठरते. शिवाय अनेकदा ऐकल्यावर श्रोत्याला तान कुठे वळणार ते आधीच ठाऊक असते. गवयाला त्या क्षणी सुचलेली जागा शिष्य टेपवरून जशीच्या तशी उचलतो, आणि उपज बंदिशीसारखी पक्की होते. ती तेव्हाही उपजच राहते का? राहते असे म्हणावेसे वाटते, पण दुसऱ्या बाजूचे म्हणणेही खोडून काढता येत नाही.

टेप मात्र वाट पाहत नाही. चुंबकीय थर सुटतो, दमट कपाटात बुरशी धरते, आणि नकलेची नक्कल करताना दर वेळी खरखर वाढते. नवी पेठेत किंवा कुठेही, ज्यांच्या घरी अशी कॅसेट पडून असेल, त्यांनी ती लवकर संगणकावर उतरवून घ्यावी, आणि वेष्टणावर गायक, राग, साथीदार, गाव व तारीख एवढे तरी लिहून ठेवावे.