मामांची पद्मिनी आणि डब्यातले शेंगदाणे

इंजिनाच्या आवाजांची एक भाषा असते. फॅनचा पट्टा सैल झाला की तो किंचाळतो. टॅपेट ढिले झाले की शिवणयंत्र चालवल्यासारखं ऐकू येतं. सायलेन्सर फुटला तर आपल्याला कळायच्या आधी शेजारीच येऊन सांगतात! पण एक आवाज असा आहे की तो नेमका चढावर येतो. स्टीलच्या डब्यात मूठभर शेंगदाणे टाकून डबा हलवावा, तसा. ॲक्सिलरेटर दाबला की सुरू, पाय उचलला की बंद. मेकॅनिक लोक याला 'नॉकिंग' म्हणतात, पुस्तकांत 'पिंगिंग' असंही म्हटलेलं असतं. गेले दोन महिने मुलुंडला आमच्या मामांच्या घरी या आवाजावरून जे महाभारत झालं, ते नातेवाईकांनी तुकड्यातुकड्यांत ऐकलं आहेच. आता एकदा सलग सांगतो.

मामांची पद्मिनी १९९४ सालची. जन्म कुर्ल्याचा, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातला. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ ला टॅक्सी म्हणून थांबली, तेव्हा मामा दोन दिवस नीट जेवले नाहीत असं मामी सांगते. मामांकडे ही गाडी हौसेची कधीच नव्हती. वह्या-रजिस्टरं पुरवायचा त्यांचा धंदा होता. मागची सीट काढून आणि वर कॅरियर लावून या बाईने घाटकोपरपासून ठाण्यापर्यंतच्या शाळांना वह्यांचे गठ्ठे पोचवले. टेम्पोचं काम केलं म्हणा ना! माझ्या मामेबहिणीचं शिक्षण आणि मामेभावाचं इंजिनिअरिंग याच डिकीतून निघालं.

तर यंदा पावसाळ्यानंतर मामांनी घरच्या घरी गाडीचं काम काढलं. वय शहात्तर, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. सोसायटीच्या आवारात जुनी चादर अंथरून त्यांनी प्लग बदलले, कार्ब्युरेटर धुतला, एअर फिल्टर बदलला आणि डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट नवे टाकून फिलर गेजने गॅप लावला. गाडी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू! मामा खूष. रविवारी सगळे घोडबंदर रोडने निघाले आणि गायमुखच्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, बॉनेटमधून शेंगदाणे वाजायला लागले.

मामेभाऊ म्हणाला, "बाबा, कामाआधी हा आवाज नव्हता. आता पुरे करा. गाडी स्क्रॅपला देऊ."

त्याचंही अगदी चूक नव्हतं. आवाज हा पिस्टनला पडणारा मार आहे. दुर्लक्ष केलं तर पिस्टनला भोकही पडू शकतं, आणि इंजिन उघडायची वेळ आली तर या गाडीवर तेवढा खर्च कोण करणार? पण मामांचा चेहरा बघवत नव्हता. प्रश्न गाडीचा उरला नव्हता. हात अजून आपले ऐकतात की नाही, हा होता. शिवाय दिवाळीला त्यांना गाडी घेऊन मावशीकडे नाशिकला जायचं होतं, म्हणजे मध्ये कसारा घाट.

आता थोडं यंत्रशास्त्र, कंटाळू नका. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण सिलिंडरमध्ये प्लगच्या ठिणगीने पेटतं आणि ज्योत एका बाजूने दुसरीकडे सरकत जाते. दाब आणि उष्णता फार वाढली तर ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपलं आपण पेट घेतं. त्या धक्क्याने सिलिंडर घणघणतो, तोच हा आवाज. या दुखण्याने इंजिनवाल्यांना शंभर वर्षं छळलंय. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डोने त्याचा पिच्छा पुरवला. अमेरिकेत १९२१ साली थॉमस मिजलीने पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घातलं की नॉकिंग थांबतं हे शोधून काढलं, आणि जगभरच्या लेकरांच्या रक्तात शिसं गेलं. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल पूर्ण बंद व्हायला २००० साल उजाडलं.

सोसायटीत निदानाला तोटा नव्हता. पहिला संशय अर्थातच इथेनॉलवर. "हल्लीचं वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या गाड्यांना सोसत नाही." जुन्या रबरी नळ्या आणि गॅस्केटं त्याने खराब होतात हे खरं. पण इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असतो, म्हणजे ते नॉकिंगला उलट आवरतं. हां, त्याच्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण थोडं पातळ होतं आणि पातळ मिश्रण गरम जळतं. म्हणून हा संशय तपासायलाच हवा होता.

मामांचा नियम एकच : "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कुणी बरं केलं ते कळत नाही." (हे औषधांनाही लागू आहे, असं मामी पलीकडून म्हणाली.)

पुढचे तीन शनिवार मी मुलुंडला. आधी टॅपेट नाहीत ना, ते बघितलं. टॅपेटचा आवाज गाडी उभी असतानाही येतो, हा फक्त लोड आल्यावर येत होता. रेडिएटर आणि थर्मोस्टॅट ठीक, इंजिन तापत नव्हतं. प्लग काढून बघितले, चारही टोकं बिस्किटी रंगाची आणि नंबर कंपनीने सांगितलेलाच. मग मिश्रणाची परीक्षा. चढावर आवाज सुरू असताना मामांनी चोक किंचित ओढला. मिश्रण पातळ असतं तर चोकने ते जाड होऊन आवाज कमी झाला असता. शेंगदाणे तसेच! म्हणजे कार्ब्युरेटर सुटला आणि त्याच्याबरोबर इथेनॉलही.

उरलं टायमिंग. मामा म्हणाले, "डिस्ट्रिब्यूटर मी तसूभर हलवलेला नाही. खूण जागेवर आहे."

खरंच होती. आम्ही पॉइंटच्या वायरीला आणि बॉडीला बारा व्होल्टचा छोटा बल्ब जोडला, चावी ऑन केली, गाडी टॉप गिअरमध्ये टाकली आणि मामेभावाने (हो, तोच!) मागून हलकेच ढकलली. पॉइंट उघडले की बल्ब लागतो. तो पुलीवरच्या खुणेवर लागायला हवा. बल्ब खुणेच्या कितीतरी आधी लागला. ठिणगी फार लवकर पडत होती.

कुणी काहीच बोललं नाही. मग मामेभावानेच विचारलं, "बाबा, हिला सीएनजी होता ना?"

होता तर. मुंबईच्या धुराविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका चालू होती आणि शहरातल्या टॅक्सी एकामागून एक गॅसवर जात होत्या, त्याच सुमाराला मामांनीही किट बसवलं होतं. सीएनजीची ज्योत संथ असते, म्हणून ठिणगी लवकर द्यावी लागते. ऑक्टेन १२० च्या आसपास, त्यामुळे नॉकिंगची भीती नाही. किट बसवणाऱ्याने टायमिंग पुढे घेतलं, ते बरोबरच केलं. पुढे धंदा बंद झाला, सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट करून घ्यायचा मामांना कंटाळा आला आणि किट काढून टाकलं. काढणाऱ्या गॅरेजवाल्याने टायमिंग मात्र गॅसचंच ठेवलं.

मग इतकी वर्षं आवाज का नव्हता? कारण पॉइंटची टाच झिजली होती. टाच झिजली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी मागे पडते. म्हणजे एक चूक पुढे ओढत होती, दुसरी झीज मागे, आणि दोघींच्या भांडणात गाडी सुखाने चालत होती. मामांनी नवे पॉइंट टाकून गॅप अचूक लावला आणि झाकलेलं बाहेर आलं.

मामा हसले. म्हणाले, "पॉइंट बदलल्यावर बल्ब लावून बघायलाच हवं होतं मी." मामेभाऊ पटकन म्हणाला, "आता बघितलं ना?" त्यानेच डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट सैल केला, मामांच्या सांगण्याप्रमाणे केसभर-केसभर फिरवला, बल्ब खुणेवर आणला आणि बोल्ट कसला. गायमुखला पुन्हा गेलो. चढावर फक्त इंजिनाचा घरघराट आणि शेवटच्या सीटवरून मामीचं "झालं एकदाचं!"

हल्लीच्या गाड्यांत इंजिनाला चिकटवलेला एक सेन्सर असतो. तो नॉकिंग ऐकतो आणि कॉम्प्युटर टायमिंग गुपचूप मागे घेतो, चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. सोय उत्तम आहे. तरी मला वाटतं, काही आवाज माणसांना ऐकू आलेले बरे असतात. कितीतरी घरांत असंच चाललेलं असतं. कुणाची जुनी घाई, कुणाची जुनी झीज, दोन्ही मिळून संसार ठीक धावतो. एखाद्याने प्रामाणिकपणे एक कोपरा दुरुस्त केला की खडखड सुरू होते आणि सगळे त्याच्याकडेच बोट दाखवतात. "तू हात लावायच्या आधी ठीक होतं" हे वाक्य बहुतेक वेळा खरंही असतं. पण तेवढ्याने दोष हात लावणाऱ्याचा ठरत नाही.

असो. मावशी, फराळ तयार ठेव. कसारा घाट आम्ही सावकाश चढणार आहोत, आणि मामांनी बल्ब बरोबर घेतलाय :)