राजदूतचे सील आणि घरचं बियाणं



आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितो. पण शेवटी बियाण्यावरच येतो.

अण्णांची राजदूत 175 आठ वर्षं गोठ्यात उभी होती. ट्रॅक्टरवाल्या एस्कॉर्ट्सचीच ही गाडी, मूळ आराखडा पोलंडच्या एसएचएलचा. पांदीच्या रस्त्यानं दुधाचे दोन कॅन घेऊन तिनं आमचं घर चालवलं. यंदा ठरवलं, भंगारात द्यायची नाही, बांधून घ्यायची.

कंपनीनं गाडी कधीच बंद केली, म्हणून पार्ट हुडकत एकदा लातूर, एकदा नांदेड असं चाललं. मिस्त्रीनं आधीच सांगितलं होतं, "मालक, पिस्टन आधी आणा, मग त्याच्या मापानं बोअर करू." ते ऐकलं. चेन आणि दोन्ही चकऱ्या एकदमच बदलल्या. झिजलेल्या चकरीवर नवी चेन टिकत नाही. ब्रेक शू नवे घेतले, तिथं काटकसर केली नाही. क्लच केबल साधीच घेतली, एक जास्तीची डिकीत ठेवली.

चुकलो ते क्रँकच्या ऑइल सीलला. एका दुकानात जुन्या स्टॉकचं बंद पाकीट मिळालं. "ओरिजनल आहे, आता कुठंच मिळायचं नाही." चौपट पैसे दिले. मिस्त्रीनं बोटानं ओठ दाबून बघितला, म्हणाला, "कडक झालंय." मी म्हणलं, कंपनीचं आहे, बसवा.

पंधराव्या दिवशी भर दुपारी चढावर इंजिन जाम झालं. मागचं चाक तिथंच अडकलं. पोरगं मागं बसलेलं. दोघं आडवे झालो. त्याचं कोपर सोललं, तेवढ्यावर निभावलं. पुढून ट्रक आला असता तर हे लिहायला मी नसतो.

झालं काय, तर टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-ऑइलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, मग वर जातं. सील कडक असलं की बाजूनं हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन बोअरला धरतो. टू-स्ट्रोक चालवणाऱ्यानं दोन बोटं क्लचवर ठेवावीत. इंजिन धरतंय असं वाटलं की आधी क्लच दाबायचा.

मिस्त्री रागावला नाही. एवढंच म्हणाला, "लोखंड जुनं चालतंय मालक, रबर जुनं चालत नाही." नवे सील बेअरिंगच्या दुकानात मिळाले. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी सांगितली, काम झालं. किंमत पहिल्यापेक्षा कितीतरी कमी. पिस्टन आणि बोअरचा खर्च मात्र दुसऱ्यांदा बसला.

तेव्हापासून पाकीट बघून भरवसा ठेवत नाही. सोयाबीनचंही तसंच आहे. पिशवी सीलबंद असली तरी आतला दाणा जिवंत आहे का, ते पिशवी सांगत नाही. सोयाबीनचं टरफल नाजूक, ठेवणीत उगवण लवकर घटते. पेरणीआधी 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा. 70 किंवा जास्त उगवले तर नेहमीचं प्रमाण ठेवा, थोडे कमी आले तर बियाणं वाढवा, फारच कमी आले तर पेरूच नका. पिशवीचं लेबल, पावती आणि मूठभर बी जपून ठेवा.

गाडी आता चालतेय. काल अण्णांना मागं बसवून रानात नेऊन आणलं. काही बोलले नाहीत, उतरताना टाकीवरून हात फिरवला.

तुमच्याकडं राजदूत असंल तर सील कुठल्या मापाचे बसवले, खाली लिहा.