वर्णनाची रिकामी ओळ

मोखाड्यात आमच्या घरी नेटवर्क येतं ते फक्त ओट्याच्या एका कोपऱ्यात. डिसेंबरात सुट्टीवर गेलो तेव्हा लॅपटॉप तिथेच मांडून बसलो होतो. एका संस्थेने जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या मुलांच्या वजनाची माहिती बिगक्वेरीवर, म्हणजे गुगलच्या क्लाउडवरच्या डेटाच्या गोदामात, ठेवली होती. मला त्यावरून आलेख काढून द्यायचे होते.

कुठलाही डेटा उघडण्याआधी मी त्याची कुंडली मागवतो. पायथनच्या चार-पाच ओळी लागतात. 'गेट डेटासेट' म्हटलं की वर्णन, लेबलं, तयार झाल्याची तारीख, ठेवल्याचं ठिकाण मिळतं. 'लिस्ट टेबल्स'ने आतल्या तक्त्यांची नावं कळतात. मग एकेका तक्त्याला 'गेट टेबल' करायचं, की रकाने, ओळींची संख्या आणि शेवटच्या बदलाची वेळ येते. आतला डेटा क्वेरीने चाळायला पैसे पडतात, एवढं विचारायला पडत नाहीत. पोतं न सोडता वरची चिठ्ठी वाचावी, तसं.

स्क्रीनवर चिठ्ठी आली. ठिकाण: एशिया-साउथ-वन, म्हणजे मुंबई. लेबलं: एकही नाही. वर्णन: 'नन'. पायथनमध्ये याचा अर्थ काहीच नाही.

तयार झाल्याची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती, आणि आत नोंदी 2012 पासूनच्या. ती तारीख गोदामात पोतं ठेवल्याची. मूल काट्यावर कधी चढलं, ते तिला ठाऊक नसतं. जुन्या तक्त्यात जिल्हा 'ठाणे', नव्यात 'पालघर'. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला, हे मला माहीत होतं, कारण मी इथला. बाहेरचं कुणी 'पालघर' एवढंच गाळून घेईल, तर त्याला वाटेल की इथली कुपोषणाची गोष्ट 2014 ला सुरू झाली. 1992-93 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत पोरं दगावली, तेव्हाही हा ठाणे जिल्हाच होता.

मग आलेख काढला. दिवाळीनंतर तीव्र कुपोषित मुलांची रेघ खाली येत होती, जूनमध्ये पुन्हा वर. मी खाली लिहिलं, 'हिवाळ्यात सुधारणा'.

आई अंगणवाडी सेविका. भाकरी थापून झाल्यावर ती शेजारी येऊन बसली. म्हणाली, "सुधारणा कसली रे? पोरंच नाहीत गावात. जगायला गेली."

आमच्याकडे कामासाठी गाव सोडण्याला 'जगायला जाणं' म्हणतात. भिवंडी, वसई, ठाणे, जिथे वीटभट्टी किंवा बांधकाम असेल तिथे. आई-बाप जातात, पोरं कडेवर जातात.

तिने तिचं रजिस्टर आणलं. शेवटचा रकाना 'शेरा'. त्यात तिच्या अक्षरात: 'कुटुंब भट्टीवर', 'काटा बंद', 'दंडघेर 11.2, आजी दवाखान्यात पाठवत नाही'. दंडाला गुंडाळायची पट्टी 11.5 सेंटिमीटरच्या खाली लाल होते, म्हणजे मूल तीव्र कुपोषित. मी पुन्हा रकान्यांची यादी मागवली. वजन होतं, उंची होती, वय होतं. 'शेरा' नव्हता. जी पोरं काट्यावर आलीच नाहीत, त्यांची ओळही नव्हती. रेघ खाली आली होती ती तशी.

मी संस्थेला फोन केला, दाखवलं, आणि वर्णन भरायची परवानगी मागितली. ती लगेच मिळाली. कोडमध्ये वर्णनाला मजकूर द्यायचा आणि 'अपडेट डेटासेट' म्हणायचं, काम दोन ओळींचं. मी देवनागरीतच लिहिलं: 2014 पूर्वीच्या नोंदींत जिल्हा ठाणे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं बाहेर असतात, त्या महिन्यांतली घट म्हणजे सुधारणा समजू नये. 'हिवाळ्यात सुधारणा' खोडून टाकलं.

पुन्हा 'गेट डेटासेट' चालवलं. 'नन'च्या जागी माझी वाक्यं आली. आईला वाचून दाखवली.

"बाहेर असतात एवढंच नको लिहू," ती म्हणाली. "परत कधी येतात तेही लिही. काही होळीला, बाकीची पावसाच्या तोंडाला. आणि येतात तेव्हा वाळलेली असतात."

तेही लिहिलं.