डिक्कीतली वीस किलोंची पेटी

ताईच्या गाडीत ग्लोव्ह बॉक्समध्ये एक दोनशे पानी वही असते. टाकी भरली की तारीख, लिटर, पैसे आणि मीटरवरचा आकडा त्यात उतरतो. चौदा वर्षांत अशा तीन वह्या भरल्या. तिसऱ्या वहीत जून २०२५च्या एका पानावर मात्र आकडे नाहीत. तिथे एवढंच आहे: 'विक्रमगडच्या अलीकडे. क्लच गेला. चार तास.'

त्या चार तासांत जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर, शाळेच्या पडवीत, चाळीसेक माणसं ताईची वाट बघत बसली होती. त्यातली बरीचशी म्हातारी होती, काही शाळकरी मुलं होती. ताई ऑप्टोमेट्रिस्ट आहे. गोरेगाव पूर्वेला राहते आणि आठवड्यातून दोनदा एका संस्थेच्या शिबिरांसाठी पालघर जिल्ह्यात जाते. डोळे तपासायचे, नंबर काढायचे, मोतीबिंदू दिसला तर पुढे पाठवायचं, असं तिचं काम. त्या दिवशी ती पोचली तेव्हा दुपार कलली होती आणि निम्मी माणसं परत गेली होती. भाताची पेरणी चालू होती, माणसं थांबणार तरी किती? घरी आल्यावर ती क्लचबद्दल एक शब्द बोलली नाही. परत गेलेल्यांपैकी एका आजींबद्दल मात्र ती रात्री उशिरापर्यंत बोलत होती.

मी तिचा धाकटा भाऊ. त्यानंतरचे चार महिने गाडीच्या शोधात मी तिच्याबरोबर हिंडलो. लोक गाडी घेताना काय बघतात आणि ताईने काय बघितलं यात मला फार मोठं अंतर दिसलं, म्हणून हे लिहितो आहे.

आधी तिचा रस्ता सांगायला हवा. गोरेगावहून वेस्टर्न एक्स्प्रेसने दहिसर चेकनाका, वर्सोव्याचा खाडीपूल, मग अहमदाबाद हायवेने मनोर. तिथे हायवे सोडून विक्रमगडमार्गे जव्हार. जायला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पुढे पाड्यापर्यंतचा कच्चा रस्ता धरून दिवसाकाठी जाऊन-येऊन तीनशे. आठवड्यातून दोनदा, वर्षाचे पन्नास आठवडे, म्हणजे वर्षाला तीस हजार किलोमीटर. रोज गोरेगावहून अंधेरीपर्यंत जाणाऱ्या माणसाची गाडी इतकी धाव तीन वर्षांतही घेत नाही. शिवाय हायवे संपला की घाट, वळणं, आणि पावसाळ्यात डांबर वाहून गेल्यावर उघडी पडणारी खडी.

जुनी गाडी २०११ची डिझेल हॅचबॅक, एमएच-०२ पासिंगची. रनिंग २ लाख ८७ हजार. राम मंदिर स्टेशनच्या बाजूला ताईचा नेहमीचा मेकॅनिक आहे. तिने त्याला स्पष्ट विचारलं. मार्च २०२६मध्ये गाडीला पंधरा वर्षं होणार होती. नोंदणी आणखी पाच वर्षं वाढवायची तर ५,००० रुपये फी, वर पर्यावरण कर, आणि गाडी तपासणीत पास व्हायला हवी. त्याने गाडी खालून बघितली, टर्बोचा आवाज ऐकला, पुढचे शॉकअप दाबले. "इंजिन अजून चालेल ताई," तो म्हणाला, "पण बाकीची गाडी इंजिनाला साथ देणार नाही." मुंबईत चालवायची असेल तर खर्च करा, जव्हारला न्यायची असेल तर नको, असं त्याने सांगितलं. दोन-तीन महिन्यांचं काम सहज मिळालं असतं, तरी ते सोडून त्याने हा सल्ला दिला, हे मला विसरता येत नाही.

ताईला सवयीने पुन्हा छोटी डिझेलच हवी होती. पण तशा नव्या गाड्या बाजारात जवळजवळ उरल्याच नव्हत्या. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ प्रदूषणनियम लागू झाले, तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंदच केल्या आणि इतरांनीही छोट्या गाड्यांतून डिझेल हळूहळू काढून घेतलं.

म्हणून आम्ही जुन्या गाड्यांच्या बाजारात गेलो. पश्चिम उपनगरातल्या एका विक्रेत्याकडे २०१८ची डिझेल हॅचबॅक उभी होती. चकचकीत, आणि मीटरवर ५८ हजार. मला ती लगेच आवडली. ताईने दार उघडलं आणि आधी ब्रेकचं पेडल बघितलं. त्याचं रबर पार गुळगुळीत झालं होतं. मग तिने काचांच्या कोपऱ्यांतल्या खुणा वाचल्या. उरलेल्या काचा २०१८च्या, पण डाव्या मागच्या दाराची २०२१ची, म्हणजे ती बाजू कधीतरी ठोकली गेली असणार. टायरवरचा चार आकडी शिक्काही तिने मला वाचायला शिकवलं. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १४२४ म्हणजे २०२४चा चौदावा आठवडा. टायर नवे असणं हा दोष नाही, पण पेडल आणि टायर एकमेकांशी जुळतात का, हे ती बघत होती. शेवटी कंपनीच्या वर्कशॉपमधली सर्व्हिसची नोंद काढली. २०२२मध्येच त्या गाडीचं रनिंग ९६ हजार झालेलं होतं.

विक्रेता गडबडला नाही. मालकाने जे सांगितलं तेच मी सांगितलं, असं म्हणाला. ताईने गाडीला हात लावून दार बंद केलं आणि आम्ही निघालो. मला संताप आला होता. सहा-सात लाखांची जमवाजमव करून आलेलं माणूस मीटरवर विश्वास ठेवतं, आणि तो आकडाच खोटा निघतो. वर्षाला तीस हजार किलोमीटर चालवणाऱ्या माणसाला असं फसवलं, तर त्याची गाडी रानात बंद पडते.

त्यानंतर नव्या गाड्यांचा विचार सुरू झाला. १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली, तेव्हा भावोजी म्हणाले, थोडं थांबू. २२ सप्टेंबरपासून चार मीटरपेक्षा छोट्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांवरचा कर सेससकट २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. थांबल्याचा फायदा झाला, पण जुनी गाडी चार महिने तशीच दामटावी लागली. त्या काळात ताईने दोन शिबिरं पुढे ढकलली. ते तिला लागलं.

एका रात्री जेवण झाल्यावर तिने वही उघडली आणि तिन्ही इंधनांचा हिशेब मांडला. कंपन्या जाहिरातीत देतात ते ॲव्हरेज तिने धरलंच नाही. घाट, खड्डे आणि सामान लक्षात घेऊन पेट्रोलला १७, डिझेलला १९ आणि सीएनजीला किलोमागे २४ धरलं. भाव मुंबईतले: पेट्रोल १०३ रुपयांच्या पुढे, डिझेल ९०, सीएनजी ८०. तीस हजार किलोमीटरला पेट्रोलचे १ लाख ८२ हजार झाले, डिझेलचे १ लाख ४२ हजार आणि सीएनजीचे १ लाख. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या गाडीवरचा रस्ताकरही पेट्रोलला ११ टक्के, डिझेलला १३ आणि सीएनजीला ८. सीएनजी गाडीसाठी सुरुवातीला लाखभर रुपये जास्त मोजावे लागतात, ते सव्वा वर्षात वसूल होतात.

भावोजींची शंका रास्त होती. आत पंप नसला तर? ताईने नकाशावर बोट ठेवलं. हायवेवरचा शेवटचा पंप सोडला की जव्हार, पाडा आणि परत हायवे, एवढं अंतर १५० किलोमीटरच्या आत बसतं. भरलेली टाकी दोनशे किलोमीटर जाते, आणि पेट्रोलची टाकी हाताशी असतेच. आत गॅस मिळेल या भरवशावर बेत आखायचाच नाही, एवढा नियम तिने करून टाकला. इलेक्ट्रिकचा विषय दहा मिनिटांत संपला. तीनशे किलोमीटरचा दिवस, पाड्यावर विजेचाच भरवसा नाही, आणि सोसायटीत चार्जिंगची सोय नाही.

यानंतर पेटीचा प्रश्न आला, आणि खरी निवड तिथेच झाली.

ताईच्या सामानात ऑटोरिफ्रॅक्टोमीटर असतो. पेटीसकट वीस किलोंच्या आसपास. त्याच्याबरोबर २३२ भिंगांची ट्रायल पेटी, तक्ते, टॉर्च आणि वाटायच्या चष्म्यांचे खोके. हे यंत्र दणके सोसत नाही. पाव डायॉप्टरचा फरक पडला तरी चुकीचा चष्मा एखाद्या मुलाच्या नाकावर वर्षभर बसतो. वॅगनआर सीएनजी किमतीला परवडणारी आणि किलोमागे लांब जाणारी, पण तिची डिक्की सिलिंडरने भरलेली. पेटी मागच्या सीटवर ठेवली तर मदतनीस मुलगी कुठे बसणार? शिवाय २०२३मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला प्रौढांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला होता. पुढे तिला सहा एअरबॅग आल्या हे खरं, पण तो एक तारा ताईच्या डोक्यातून जाईना. बोलेरो तिला मनापासून आवडते. २०००पासून चालत आलेली, गावातला कुठलाही मेकॅनिक उघडू शकेल अशी. पण मागे पाट्यांचे स्प्रिंग आहेत, आणि खडीवरून गेल्यावर पेटीला बसणारा हिसका तिने हाताने अजमावून बघितला. माणसं सोसतील, यंत्र नाही सोसणार.

टाटा पंच ऑगस्ट २०२३मध्ये सीएनजीत आली, तीच एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन छोटे घेऊन. ते डिक्कीच्या तळाखाली बसतात आणि वर सामानाला जागा उरते. ग्राउंड क्लिअरन्स १८७ मिलिमीटर. पेट्रोलच्या पंचला २०२१मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळालेले आहेत.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमच्या मुलाने लिंक रोड सुचवला. ताई म्हणाली, आरेतून जाऊ. सकाळी सात वाजता पेटी डिक्कीत ठेवून आम्ही आरे कॉलनीत शिरलो. आरेत वारली आणि इतर आदिवासींचे सत्तावीस पाडे आहेत. जव्हारला ताई ज्यांचे डोळे तपासते त्यांच्याच जमातीची माणसं तिच्या घरापासून एवढ्या जवळ राहतात. गतिरोधक, खड्डे, उखडलेल्या कडा, सगळ्यांवरून ती गाडी मुद्दाम नेत होती. चढावर सीएनजीवर गाडी दमते, हे लगेच कळलं. पेट्रोलवर ८८च्या आसपास असलेली अश्वशक्ती सीएनजीवर ७३च्या आसपास येते. बटण दाबून पेट्रोलवर घेतलं की ओढ परत येते. "घाटात पेट्रोल, बाकी गॅस," तिने वहीत लिहिलं.

शोरूममध्ये वरचं मॉडेल घ्या म्हणून आग्रह झाला. त्याला टचस्क्रीन, अलॉय व्हील आणि १९५/६०चे सोळा इंची टायर. ताईने खालचं घेतलं, १८५/७०च्या पंधरा इंची टायरचं, लोखंडी रिमवालं. तिचा हिशेब मी घरी येऊन पडताळला. खालच्या मॉडेलमध्ये टायरची भिंत जवळजवळ १३० मिलिमीटर उंच, वरच्यात ११७. दगडावर आपटल्यावर ते तेरा मिलिमीटर रबर रिम वाचवतं. लोखंडी रिम वाकली तर विक्रमगडला ठोकून सरळ होते, अलॉयला तडा गेला की मुंबई गाठावी लागते. टचस्क्रीनचे पैसे वाचले, त्यातून पहिल्या वर्षाचं जवळपास सगळं सर्व्हिसिंग निघेल.

दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, गाडी मिळाली नाही, मागणी फार होती. दिवाळीनंतर मिळाली. जुनी गाडी ताईने अधिकृत स्क्रॅप केंद्रात दिली. तिथल्या माणसाने चेसिस नंबरचा तुकडा कापला तेव्हा ती बाहेर जाऊन उभी राहिली.

नोव्हेंबरच्या पहिल्या फेरीला मी बरोबर होतो. मनोरच्या अलीकडे गॅस भरला. रांगेत पंचवीस मिनिटं गेली, तीही वहीत लिहिली. चढ लागल्यावर बटण दाबलं. पाड्यावर पडवीत उतरल्यावर ताईने आधी पेटी उघडली, यंत्रासोबत येणारा नमुना-डोळा समोर लावला आणि रीडिंग घेतलं. मग दुसरं, मग तिसरं. तिन्ही सारखी आली. संध्याकाळपर्यंत त्रेपन्न जण तपासून झाले. जूनमध्ये परत गेलेल्या आजीही आल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांचं नाव ताईने पुढच्या यादीत सर्वांत वर घातलं.

परतताना विक्रमगडला चहा घेतला. तिथे तिने नव्या वहीचं पहिलं पान उघडलं आणि आकड्यांखाली लिहिलं: 'पेटी डावीकडे सरकते. सुताराकडून लाकडी चौकट, खाली दोन इंच स्पंज.'