सांध्याचे उच्चारस्थान

व्याकरणाच्या पहिल्याच तासाला आपण विद्यार्थ्यांना वर्णांची उच्चारस्थाने सांगतो. कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ. ज्या सांध्यावर हे सारे मुखयंत्र उघडते आणि मिटते, तो कानापुढचा जबड्याचा सांधा मात्र या यादीत नाही. तोंड उघडतेच, हे व्याकरणकारांनी गृहीत धरले असावे. आम्हीही तसेच गृहीत धरले होते.

टेक्सासमधील किलीन या लष्करी तळाच्या गावात आम्ही दोघे राहतो. आमच्यापैकी एक अमेरिकी सैन्यात आहे. दुसरी रविवारी पाच-सात मराठी मुलांना मुळाक्षरे शिकवते. २०२३च्या हिवाळ्यात अशाच एका रविवारी 'आ' म्हणून दाखवताना तिचा जबडा अर्ध्यावर अडकला. बाई गंमत करीत आहेत असे वाटून मुले हसली. दातखीळ हा शब्द आम्ही तोवर वाक्प्रचारापुरताच वापरला होता.

सैन्यात आम्ही आलो तेही भाषेमुळेच. परकी भाषा जाणणाऱ्या, कायदेशीर व्हिसावर राहणाऱ्या स्थलांतरितांना भरती करून घेणारी 'मावनी' नावाची योजना २००९ साली सुरू झाली आणि २०१६ साली थांबली. हिंदी येत असल्याच्या बळावर आम्हाला त्या दारातून आत येता आले. सैनिकाच्या कुटुंबाला 'ट्रायकेअर' या लष्करी आरोग्ययोजनेचे छत्र मिळते. भाषेच्या जोरावर मिळालेल्या या छत्राखाली भाषा उच्चारणारा जबडा येतो की नाही, हा प्रश्न काही आम्हाला पडला नव्हता.

दंतवैद्यांनी तपासले, क्ष-किरण छायाचित्रे काढली, रात्री दातांवर बसवायचा कठीण साचा, म्हणजे स्प्लिंट, घ्यायला सांगितला आणि काही भेटी ठरवून दिल्या. लष्करी कुटुंबांसाठी दातांचा विमा वेगळा असतो. बिल प्रथम तिकडे गेले. सांध्याचे दुखणे वैद्यकीय असल्याचे कारण देऊन ते परत आले. मग ते वैद्यकीय बाजूकडे गेले. उपचार करणारे दंतवैद्य, वस्तू दातांवर बसणारी, सबब हा दंतोपचार, असे म्हणून तिथूनही परत आले. दूरध्वनीवरची बाई दर वेळी सौजन्याने एकच विचारी, दातांचे की वैद्यकीय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथे तोंड आधीच मिटलेले होते.

ही फाळणी एका कचेरीची नव्हे, तिला इतिहास आहे. १८४० साली बाल्टिमोरमध्ये दंतवैद्यकाचे पहिले स्वतंत्र महाविद्यालय निघाले, तेव्हापासून अमेरिकेत दात आणि देह यांचे शिक्षण निराळ्या इमारतींत चालत आले. १९३४ साली जेम्स कॉस्टेन यांनी या सांध्याच्या आणि कानाच्या तक्रारींची एकत्र मांडणी केली. ते स्वतः कान-नाक-घशाचे डॉक्टर. पण दोष त्यांनी दातांच्या बैठकीला दिला, आणि दुखणे दंतवैद्यांच्या ओसरीवर गेले. १९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमायोजना आली, तिनेही नेहमीचे दंतोपचार बाहेर ठेवले. रोगांच्या वर्गीकरणातही हाच घोळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या आवृत्तीत हा सांधा पचनसंस्थेच्या प्रकरणात सापडतो. अमेरिकेने २०१५च्या ऑक्टोबरपासून वापरात आणलेल्या तिच्या रूपांतरात तोच अस्थिस्नायूंच्या प्रकरणात बसतो. सांधा हलला नाही, प्रकरण बदलले.

आम्हा मराठी बोलणाऱ्यांना खरे तर याचे नवल वाटू नये. 'चाक' आणि 'चित्र' यांतला 'च' कागदावर एकच. पहिल्याच्या उच्चारात जीभ दातांपाशी जाते, दुसऱ्याच्या उच्चारात तालूशी. अक्षराला दोन स्थाने असू शकतात हे आमची मुले ऐकूनच शिकतात. दाव्याच्या अर्जावर मात्र एकाच चौकटीत खूण करता येते.

अखेर मूळ संहितेकडे जावे, असे आम्ही ठरवले. साहित्याच्या वर्गात शिकलेली दुसरी कोणती विद्या आमच्याजवळ नव्हती. अमेरिकी संघराज्याच्या नियमसंहितेचा बत्तिसावा खंड संरक्षणाचा आहे. बत्तिशीचा निवाडा बत्तिसाव्या खंडात असावा, हा योगायोग आम्हाला त्या दिवसांतही हसवून गेला. नियमाचा आशय असा: हा विकार वैद्यकीय मानायचा तो वेदनेच्या तात्काळ शमनापुरताच. त्यासाठी सुरुवातीची क्ष-किरण छायाचित्रे, जास्तीत जास्त चार भेटी आणि गरज असल्यास स्प्लिंट. त्यापुढच्या भेटी, किंवा सहा महिन्यांत दुखणे उलटले तर त्यावरचे उपचार, यांचा विचार प्रकरणागणिक होईल, आणि त्यासाठी उपचारकर्त्याने लेखी आधार द्यावा. दात घासून चावा जुळवणे किंवा कृत्रिम दातांनी त्याची फेररचना करणे यांना स्पष्ट नकार.

हा परिच्छेद आम्ही कवितेसारखा पुन्हापुन्हा वाचला. त्यातले कळीचे शब्द 'दात' किंवा 'सांधा' हे नव्हेत; 'वेदना' आणि 'तात्काळ' हे आहेत. वस्तू दातांवर बसते की नाही याला नियमात महत्त्व नाही, ती कशासाठी बसते याला आहे. आमच्या बिलावर उपचारांचे दंतवैद्यकीय संकेतांक होते, दुखण्याचे निदान नव्हते आणि 'वेदना' हा शब्द एकदाही नव्हता. जिच्यामुळे रात्र रात्र झोप नव्हती ती गोष्ट कागदावर उमटलीच नव्हती.

नकाराच्या पत्रावरील तारखेपासून नव्वद दिवसांत फेरविचार मागता येतो. आमच्या कुटुंबवैद्यांना आम्ही त्यासाठी पत्र मागितले. त्यांनी विचारले, "काय होते ते तुमच्या शब्दांत सांगा." आमच्यापैकी जिचा जबडा होता ती म्हणाली, "सकाळी मला 'आ' म्हणता येत नाही." डॉक्टरांनी पट्टी लावून मोजले आणि लिहिले, की तोंड सव्वीस मिलिमीटर उघडते, एरवी चाळिसाच्या पुढे उघडावे, चावताना व बोलताना तीव्र वेदना, वेदनाशमनासाठी स्प्लिंट आवश्यक. निदानाचा संकेतांक, छायाचित्रे आणि दंतवैद्यांच्या चार भेटींच्या नोंदी जोडून सारे एकसष्टाव्या दिवशी रवाना झाले.

दावा मंजूर झाला. स्प्लिंट आणि चार भेटींचे पैसे मिळाले. पाचव्या भेटीसाठी आणखी एक पत्र लागले, तेही मिळाले. आनंद झाला, हे नाकारणार नाही. तरी एक रुखरुख आहे. त्या पत्रातले प्रत्येक वाक्य खरे होते, पण 'आ' त्यात कुठेच नव्हता. तो मिलिमीटरांत गेला. अनुवाद मूळ कृतीला जागवतो आणि पुसतोही, हे आम्ही वर्गात कितीदा सांगितले आहे. इथे अनुवाद केला नसता तर दुखणे बिनबोलते राहिले असते, म्हणून तक्रारीला जागा नाही.

रुखरुख दुसरीही आहे. आमच्याच रांगेतल्या घरांत एकोणीस-वीस वर्षांची जोडपी राहतात. नवरा मोहिमेवर, बायको तान्ह्या मुलासह एकटी. नकाराचे पत्र आले की तिथे बहुधा पुढे काही होत नाही. ते पत्र म्हणजे अखेरचा शब्द नव्हे, त्यामागे एक संहिता आहे आणि ती कोणालाही वाचता येते, हे त्यांना सांगणार कोण? गेल्या वर्षी शेजारच्या एका मुलीचे असेच पत्र घेऊन आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. तिचे दुखणे निराळे होते. आम्ही प्रथम तारीख पाहिली, दिवस मोजले, आणि मग तिला विचारले, "काय होते ते तुझ्या शब्दांत सांग."

असो. सैनिकांच्या बदल्या होत राहतात, आमचीही येत्या उन्हाळ्यात आहे. नवे गाव, नवे दंतवैद्य, दावे हाताळणारी कदाचित नवी कंपनी. कागदांची फाईल सामानाच्या ट्रकमध्ये न टाकता सोबत घ्यायची, असे ठरले आहे. रविवारचा वर्ग अजून चालू आहे. 'आ' आता बराचसा उघडतो. थंडीच्या सकाळी मात्र बाई मुलांनाच आधी म्हणायला सांगतात.