हृदयातील आडवाट

माझ्या पत्नीला पंधरा वर्षे अधूनमधून छातीत धडधड होत असे. भाजी निवडता निवडता नाडी एकाएकी १८० वर जाई आणि दहा-वीस मिनिटांनी तितक्याच अचानक पूर्ववत होई. दवाखान्यात पोहोचावे तो कार्डिओग्राम निर्दोष! ‘काळजी करण्याचा स्वभाव आहे’ असे तिला अनेकांनी ऐकवले. स्त्रियांच्या धडधडीचे मूळ मनात शोधण्याची आपल्याकडे रीतच आहे. म्हसरूळच्या गजपंथाच्या पायऱ्या चढणे तिने केव्हाच सोडले होते. गेल्या चातुर्मासात मात्र एक झटका दीड तास टिकला आणि नाशिकच्या डॉक्टरांना तो कार्डिओग्रामच्या पट्टीवर पकडता आला.

हृदयात रक्तवाहिन्यांप्रमाणे विजेचीही व्यवस्था असते. उजव्या वरच्या कप्प्यातील सायनस नोड (१९०७ साली कीथ व फ्लॅक यांनी तो दाखवून दिला) ठोक्यांचा ताल धरतो. त्याचा संदेश खालच्या कप्प्यांकडे ज्या चौकीतून जातो, तेथे पत्नीच्या हृदयात एकीऐवजी दोन वाटा होत्या, एक जलद व एक संथ. संदेश एकीने उतरून दुसरीने परत चढे आणि गरगर फिरत राही. अँजिओग्राफीत हे दिसत नाही.

यावर उपाय कॅथेटर अब्लेशन. १९८१ साली सॅन फ्रान्सिस्कोत डॉ. मेल्विन शाइनमन यांनी ते माणसावर प्रथम केले, तेव्हा विजेचा मोठा झटका देत. आता जांघेतील शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेतात आणि रेडिओलहरींच्या उष्णतेने संथ वाटेची काही मिलिमीटर जागा निकामी करतात. या विकारात शंभरांपैकी पंच्याण्णवांहून अधिक रुग्णांना गुण येतो. मात्र शेजारची मुख्य वाट दुखावली, तर कायमचा पेसमेकर बसवावा लागतो. असे शंभरात फार तर एखाद्याचे होते.

शंभरात एक बुडीत कर्ज हा आकडा बँकेत आम्ही आनंदाने स्वीकारला असता. मुंबईच्या रुग्णालयात संमतीपत्राची ती ओळ मात्र मी तीनदा वाचली.

“अहो, पंधरा वर्षं मी एकटी कुठे जात नाही, तेही हिशेबात धरा ना,” ती म्हणाली आणि सही करून मोकळी झाली.

तपासणीत डॉक्टर मुद्दाम धडधड उत्पन्न करतात. ती जागीच होती. “हीच का ती?” त्यांनी विचारले. “हीच!” ती जवळजवळ आनंदाने म्हणाली, असे तिनेच नंतर सांगितले. पडद्यावर ती सर्वांना दिसत होती.

तासाभरात ती वाट बंद झाली. तिसऱ्या दिवशी आम्ही पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकला परतलो.