वहीची निवड



बोलीतील शब्द गोळा करण्याचे काम तुम्हांला पुढे करावयाचे आहे. त्यापूर्वी वहीविषयी थोडे सांगतो. विषय किरकोळ वाटेल. एके काळी मलाही तो तसाच वाटला होता.

पीएच.डी.च्या पहिल्याच वर्षी, भर आषाढात, मी मालवणच्या दांडी किनाऱ्यावर एका वृद्ध मच्छीमाराकडे बसत असे. पावसाळ्यात समुद्र बंद, त्यामुळे आजोबांना सवड होती. वाऱ्यांची नावे, भरती-ओहोटीचे प्रकार, रापणीच्या जाळ्याचे भाग असे शब्द ते सांगत आणि मी लिहून घेत असे. मधूनच ते बजावत, "लिवन ठेय रे झिला, नायतर इसारतलंस." मी लिहीत होतो खरा, पण बाजारातल्या सर्वांत स्वस्त, मोठ्या आकाराच्या, पातळ कागदाच्या वहीत आणि शाईच्या पेनाने. वही पिशवीत मावत नसे, म्हणून काखेत धरून नेत असे. एका संध्याकाळी परतताना पावसाने गाठले. घरी येऊन पाहतो, तर पानापानांत निळे डाग पसरले होते आणि पिना गंजून मधली पाने सुटली होती. दिवाळीनंतर पुन्हा गेलो, तेव्हा आजोबा नव्हते. त्या शब्दांपैकी निम्मेअधिक मला पुन्हा कोणाकडूनही मिळाले नाहीत.

म्हणून वही घेताना तीन गोष्टी पाहा.

पहिली, आकार. ए-४ कागद २१० × २९७ मिलिमीटरचा असतो. तो मधोमध दुमडला की ए-५ होतो. घरी टेबलावर टिपणे काढण्यास ए-४ सोयीचा; पण लोकांत बसून मांडीवर लिहावयाचे असेल, तर ए-५ घ्या. ८० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या, कागदाची दोनशे पानी ए-४ वही पुठ्ठा सोडून अर्धा किलो भरते. ए-५ पाव किलो. शिवाय समोर मोठी वही उघडली की सांगणारा मनुष्य साक्ष देत असल्यासारखा जपून बोलू लागतो, हा माझा अनुभव आहे.

दुसरी, कागद आणि बांधणी. कागद हवेतील ओलावा शोषून घेतो आणि किनारपट्टीवर हा ओलावा खारा असतो. त्यामुळे पिनांऐवजी दोऱ्याने शिवलेली वही घ्यावी. शेवटच्या पानावर आपल्याच पेनाने एक ओळ लिहून पाहावी. शाई फुटली किंवा मागच्या बाजूस उमटली, तर ती वही ठेवून द्यावी. चांगल्या कागदावरही पाण्यात विरघळणारी शाई पावसात टिकत नाही. क्षेत्रकार्यासाठी साधी पेन्सिल अधिक विश्वासू.

तिसरी गोष्ट आपल्या लिपीची. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार येतात, तर खाली उकार आणि ऋकार. ओळी फार जवळ आखलेल्या असतील, तर वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीतील रफाराला भिडतो. ओळखीचा शब्द आपण अंदाजाने वाचतो. अनोळखी बोलीशब्दात असा अंदाज चालत नाही. तेव्हा रुंद रेघांचीच वही निवडावी.

'कागद', 'दौत', 'शाई', 'दप्तर' हे लेखनाचे शब्द अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आले. त्यांतील 'दप्तरा'चे मूळ तर 'कातडे' या अर्थाच्या ग्रीक शब्दापर्यंत जाते. हे प्रवास आज आपल्याला सांगता येतात, कारण कोणीतरी ते शब्द टिकेल अशा साधनावर लिहून ठेवले. दांडीच्या आजोबांचे शब्द मात्र माझ्या हातून गेले.

या घटकाचा स्वाध्याय सुरू करण्यापूर्वी बाजारात जा, दोन-चार वह्या उघडून, हाताळून पाहा आणि एक निवडा. पहिल्या पानावर दिनांक, गाव आणि सांगणाऱ्याचे वय लिहा. मग घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीजवळ जाऊन बसा. तेथे उशीर करू नका.